मास्तरांची पाठ

मास्तरांनी उंबऱ्याशी येऊन हळू विचारलं, "काय काम आहे?" आणि मी पोरीच्या अभ्यासाचं विचारताना सवयीनं असा ओरडलो की आतली पोरं पाढे म्हणायची थांबली. वीस वर्षं गिरणीच्या सूतखात्यात काढलेला माणूस मी. यंत्रांच्या धडधडीवर आवाज चढवून बोलायची खोड अंगात मुरलेली.

"ही शाळा आहे, तुझी गिरणी नव्हे," मास्तर म्हणाले. "बापच असा, तर पोरगी मठ्ठच निघायची. उद्यापासून पाठवू नकोस."

माझी चंद्री व्हरांड्यात बसली होती. आमच्या जातीची पोरं तिथंच. उंबऱ्याबाहेर. ती माझ्याकडं बघत होती. आणि मी? मी "जी" म्हणालो. वर हसलो. एवढा थोरला आवाज, पण नको तिथं फुटणारा.

घरी बायकोला म्हणालो, "पोरीला डोकंच न्हाय. गिरणीत घालू."

बायकोही गिरणीतच, रीळखात्यात. तिनं पाटी ओढून घेतली. मास्तरांनी तोंडी सांगितलेल्या शुद्धलेखनाची प्रत्येक ओळ अर्धी. पुढं कोरी.

"हितं का थांबलीस गं?"

"मास्तर तवा पाठ फिरवत्यात," चंद्री म्हणाली. "तोंड दिसत न्हाय."

शाळा गिरणीच्या भिंतीला लागून. व्हरांड्यात त्या धडधडीत शब्द ऐकू येत नाही. रीळखात्यातल्या बाया ओठ बघून बोलणं ओळखतात. पोरगी ते आईकडून शिकली होती. मास्तर आतल्या मुलांकडं वळले की तिची शाळा सुटायची. आणि डोकं नाही म्हणणारा मी. तिचा बाप.

दुसऱ्या दिवशी मी चंद्रीला उंबऱ्याच्या आत बसवलं. मास्तरांच्या तोंडासमोर.

"बाहेर काढ तिला."

"न्हाय."

या वेळी आवाज चुकून मोठा निघाला नव्हता.

आतली पोरं अंग चोरून भिंतीला सरकली. मास्तरांनी हजेरीतलं तिचं नाव खोडलं. शिपायानं आम्हाला लोटत रस्त्यावर आणलं. चंद्रीनं पाटी पोटाशी धरली होती. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

घरी भिंतीला टेकलो. "होती तेवढीबी शाळा मी घालवली."

बायको ओल्या फडक्यानं पाटी पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "भाईर बसवत्यात ती शाळा न्हवं. उद्या मीबी खाडा करते. नाव असू नायतर नसू, पोर त्याच जागी बसल. उचलून टाकली तर परवा परत बसल. आन् तुमी उद्या हळू बोलायचं न्हाय."