ग्रंथाचे दात मोजणारे फादर

फादरांना काहीही सांगा, पहिला प्रश्न ठरलेला. "हे तुम्हाला कोणी सांगितलं?" खर्डीच्या रानात बिबट्या आला म्हटलं तरी हेच. मग ज्यानं सांगितलं त्याला कोणी सांगितलं, त्यानं स्वतः पाहिला का, पाहिला तर किती लांबून. तिसऱ्या तोंडापर्यंत जाता जाता आमच्या बिबट्याचं मांजर होऊन जाई. गावानं त्यांचं नावच ठेवलं, पुरावा फादर.

माणूस वसईकडचा. पाद्री घडवणाऱ्या एका मोठ्या संस्थेत ख्रिस्ती शास्त्र शिकवायचा. दोनदा डॉक्टर, पण सुई टोचता येत नाय. त्यांचं काही लिखाण वरिष्ठांना झोंबलं, म्हणून 'विश्रांती घ्या' सांगून त्यांना आमच्या घरामागच्या भाड्याच्या दोन खोल्यांत पाठवलं. मी चौथी शिकलेला. तरी आमचं जमलं, कारण ऐकून घ्यायला त्यांना दुसरं कोण होतं?

एकदा त्यांना म्हसा गावच्या जत्रेला नेलं. बैलबाजारात त्यांनी एका व्यापाऱ्याला बैलाचं वय विचारलं. तो म्हणाला, चार वर्षं. फादर म्हणाले, "कोणी सांगितलं?" व्यापारी असा बघत राहिला जसा काय त्याचा बापच काढला. मी बैलाचा ओठ वर केला. "माणसाला काय विचारता? दात मोजा. आठही आलेत, झिजलेतही. हा जुळलेला हाय, सात वर्षांचा तरी." फादर इतके खूश झाले की बैलच घेतात की काय असं वाटलं. "तात्या, माझं कामही हेच. ग्रंथाचे दात मोजायचे. कुठलं पान जुनं, कुठलं मागून बसवलेलं."

"आणि मागून बसवलेलं निघालं तर?"

"तर तसं सांगायचं."

"म्हणून तर इथं आलात," मी म्हटलं.

संध्याकाळी ते ओटीवर बसून देव न मानणाऱ्यांची पुस्तकं वाचत. पाद्री माणूस, आणि शिव्या देणाऱ्यांची पुस्तकं एवढी जपून की पानाला बोट लागू देत नसत. एक दिवस म्हणाले, "यांचं म्हणणं असं, की देव माणसानंच बनवला."

मी म्हटलं, "यात शोध कसला? वेशीवरच्या देवाला दरसाल शेंदूर आमीच फासतो. त्यासाठी पुस्तक लिहावं लागतं?"

पेरणाऱ्याचा दाखलाही त्यांनी मला ऐकवला. येशूनं सांगितलेला. बी थोडं वाटेवर पडलं, थोडं खडकावर, थोडं काट्यांत. मी म्हटलं, असल्या माणसाला शेतात पाठवलं कोणी? आम्ही पालापाचोळा जाळून राब भाजतो, त्यात भाताचं रोप करतो, मग एकेक काडी चिखलात लावतो. वाटेवर दाणा सांडला तर आई पाठीत धपाटा घालायची. फादरांनी हे वहीत उतरवून घेतलं. पंडितांत असं कोणी बोललं नव्हतं म्हणे. मी म्हटलं, पंडितांच्या पायाला चिखल लागला असता तर बोलले असते.

मग वरिष्ठांचं पत्र आलं. फादरांनी लिहिलं होतं की सगळ्यांत जुन्या शुभवर्तमानाचं, म्हणजे येशूच्या चरित्राचं, शेवटचं पान मूळच्या हातचं नाही. मूळ मजकूर म्हणे असा संपतो: बाया येशूच्या कबरीपाशी गेल्या, कबर रिकामी, घाबरून पळाल्या, आणि कोणाला काहीच बोलल्या नाहीत. येशू जिवंत होऊन भेटला, ते मागून बसवलेलं. पत्रात होतं, आता एक तर 'चुकलो' असं सहीनिशी लिहून द्या, नाहीतर शिकवणं सोडा.

मी हसलो. "बाया कोणालाच बोलल्या नाय, तर तुमच्यापर्यंत आलं कसं?"

फादर आत गेले ते दोन दिवस बाहेर आले नाहीत. बायकोनं दिलेली भाकरी तशीच परत. "तुमच्या जिभेला हाड नाय," ती मला म्हणाली.

तिसऱ्या दिवशी ते दोन ओळींचं उत्तर घेऊन आले. मी अक्षर लावत वाचलं. 'ते पान मूळचं नाही. जे घडलं त्यावर माझा विश्वास आहे.'

"या दोन ओळी एकमेकींशी भांडताहेत, फादर."

"चाळीस वर्षं भांडताहेत. पण वेगळ्या राहत नाहीत."

"द्या की सही करून. पोटात खरं ठेवा, कागदावर लागेल ते लिहा. जग असंच चालतं."

"मग पोरांना शिकवू काय?" ते म्हणाले, आणि पत्र टाकून आले.

महिन्यात निकाल लागला. शिकवणं बंद, म्हाताऱ्या पाद्र्यांच्या आश्रमात जाऊन राहायचं. ज्यांनी ग्रंथ कधी नीट उघडला नसेल, त्यांच्या खुर्च्या शाबूत.

खर्डी स्टेशनवर मुंबईच्या गाडीची वाट बघत बसलो. का कोण जाणे, मी सांगून बसलो. गावकीनं माझ्या चुलतभावाला, विठूला, चोर ठरवून वाळीत टाकलं होतं. चोरी त्यानं केली नव्हती हे मला ठाऊक होतं. तरी वाळीत टाकायच्या कागदावर तिसरी सही माझी.

फादरांनी विचारलं, "तो आता कुठे असतो?"

"कसाऱ्याला. रेल्वेत होता. तीस वर्षं बोलणं नाय."

"कसाऱ्याची गाडी कुठल्या फलाटावर?"

मी समोर बोट दाखवलं. त्यांची गाडी आली, ट्रंक मी चढवून दिली.

गाडी गेल्यावर कसाऱ्याच्या फलाटाकडे जायला पूल चढलो. माझे गुडघे नेमके त्याच दिवशी दुखत होते.