पायाळूचा पाय

मी पायाळू. आईच्या पोटातून आधी पाय आले, डोकं मागून. अशा माणसाचा पाय कंबरेला लागला की उसण उतरते, असं आमच्याकडं मानतात. वजन उचलताना कंबरेत चमक भरली की माणूस दवाखान्याच्या आधी माझ्या ओट्यावर येतो. कुसगावातलेच न्हाई, पार सोमाटण्यावरून येतात. भात लावणाऱ्या बाया, हॉटेलात बॅगा उचलणारे, टेम्पोवाले. त्यांना पालथं झोपवायचं, भिंतीला हात टेकायचा आन उजवा पाय कंबरेवरून हळूहळू खाली उतरवायचा. पैसा कधी घेतला न्हाई. डॉक्टरकडं परत जावं लागलं तर लोक डॉक्टरला नावं ठेवतात. माझ्याकडं परत आले तर म्हणतात, आबाच्या पायाला गुण आहे. मला ते लय बरं वाटायचं.

यंदा भात झोडताना माझ्याच कंबरेत चमक भरली. आता मी कुणाकडं जायचं? सदऱ्याच्या आत उपरणं आवळून बांधलं आन गप राहिलो. दुखणं मांडीतून खाली उतरलं. पुढं दुखायचं कमी झालं, तसा मी मनाशी म्हणालो, बघ, गेलं. पण पाय बधिर होत चालला होता.

एका संध्याकाळी घरी आलो तर बायको म्हणाली, "अवो, एक चप्पल कुटं गेली?"

खाली बघितलं. उजवा पाय अनवाणी. कुठं निसटली, मला पत्ता न्हाई.

"तुटली, टाकून दिली."

ती बाहेर गेली आन रस्त्यातनं चप्पल घेऊन आली. धडधाकट. माझ्यापुढं ठेवली. त्या रात्री मला झोप लागली न्हाई.

सकाळी सून वाकलेलीच स्वयंपाकघरातून बाहेर आली. लोणावळ्याला हॉटेलात खोल्या आवरते ती, दिवसभर गाद्या उचलायच्या. "आबा, पाय लावा. कामावर जायचंय." म्हणून पालथी झोपलीसुद्धा.

न्हाई म्हणायला तोंड उघडेना. भिंतीला हात टेकला, पाय उचलला. पायाखाली तिची पाठ की जमीन, काही कळंना. तोल गेला तर सगळा भार हिच्या मणक्यावर. सावकाश पाय टेकवला आन खाली उतरवायला लागलो.

"आबा, लावा की आता!" सून म्हणाली.

पाय तिच्या शेजारी चटईवर होता.

बायको दारात उभी होती. "बास झालं," म्हणाली. "चला दवाखान्यात."

"आधी हिला ने."

सून उठून बसली. "मी कवाच गेले असते, आबा. पण पायाळूची सून कंबरेसाठी डॉक्टरकडं गेली, असं लोक म्हणाले असते. तुमाला चाललं असतं व्हय?"

मी चपला पुढं ओढल्या आन बघून बघून पाय घातले.

लोणावळ्याच्या दवाखान्यात बाकड्यावर मी आन सून. समोर नेमका एक टेम्पोवाला. मागच्याच आठवड्यात त्याला पाय लावला होता. तोही कंबर धरूनच बसलेला. मला बघून ओशाळला. "आबा, सहज आलो हो. तुमी हितं कसं?"

"माझी कंबर धरलीय," सून घाईनं म्हणाली. "आबा सोबत आलेत."

गप बसलो असतो तर निभावलं असतं.

"तिची बी धरलीय आन माझी बी," मी म्हणालो. "माझा पाय चालंना."

टेम्पोवाल्यानं माझ्या तोंडाकडं न्हाई, पायाकडं बघितलं.

आत डॉक्टरीण पोरसवदा. "आबा, टाचा टेकवून पंजे वर करा." डावा उठला. उजवा पडूनच.

"कधीपासून?"

"भात झोडल्यापासून."

"तेव्हाच का नाही आलात?"

तिनं उजव्या पायाचा अंगठा धरला. "आता फक्त हा हलवा."

दात आवळून सगळा जीव त्या अंगठ्यात घातला. किती माणसं या पायाखाली झोपली असतील.

"हलला," सून म्हणाली.

डॉक्टरीण अंगठ्याकडंच बघत होती. "परत करा," म्हणाली.