खसखशीची पुडी

माझ्या पोटात काही राहत नाही, अशी आमच्या आसगावात माझी ख्याती आहे. खोटी नाही ती. कुणाचं लग्न मोडलं, कुणाचा पंप जळला, कुणाच्या पोराचा निकाल लागला, सगळं माझ्या तोंडून चारचौघांत जातं. पण एक गोष्ट राहिली. चौदा वर्षं राहिली. बायकोला सांगितली नाही. आई जायच्या आधी दोन महिने अंथरुणाला होती, रोज तिच्याजवळ बसायचो, तिलाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय की काय? असेलही. ओळखीच्या माणसासमोर जीभ उचलत नाही, हे मी करून पाहिलं आहे.

मी इलेक्ट्रिशियन. सात वर्षं आखातात काम केलं, सात वर्षांपूर्वी परत आलो आणि पवनी रोडवर मोटारपंप दुरुस्तीचं दुकान टाकलं. गावात मला ‘दुबईवाले भाऊ’ म्हणतात. दुबईत मी कधीच नव्हतो, पण गावाला आखात म्हणजे दुबईच. रविवारी सकाळी दुकानासमोर बाहेरदेशी जाणारी माणसं येऊन बसतात. गोसीखुर्द धरणाच्या पुनर्वसनातली येतात, लाखांदूरकडची येतात, एकदा तर तिकडे पार बपेऱ्याहून एक जोडपं आलं होतं. मी त्यांना सगळं सांगतो. फुकट सांगतो, आणि — खोटं कशाला बोलू — सांगताना मला बरं वाटतं.

काय सांगतो? एजंटचं नाव सरकारी यादीत आहे का ते आधी पाहा. व्हिसावर जे काम लिहिलंय तेच करारात आहे का ते जुळवा. वाचता येत नसेल त्या कागदावर सही करू नका, कितीही घाई केली तरी. पासपोर्टच्या झेरॉक्स घरी ठेवा, फोटो बायकोच्या मोबाइलमध्ये ठेवा. आपल्या दूतावासाचा नंबर कागदावर लिहून खिशात असू द्या, फोन तर पहिल्याच आठवड्यात बंद पडतो. औषध नेत असाल तर डॉक्टरची चिठ्ठी हवी. आणि खसखस नेऊ नका. एक दाणासुद्धा नको. आपल्याकडे ती रश्श्यात जाते, तिकडे ती अफूच्या हिशेबात जाते आणि माणूस सरळ आत जातो.

हे खसखशीचं मी फार जोर देऊन सांगतो. माणसं विचारतात, भाऊ, तुम्हाला हे कसं ठाऊक? मी म्हणतो, तिकडे एकाचं ऐकलं होतं.

मग शेवटचं सांगतो — आपली बॅग आपण भरायची, आपण कुलूप लावायचं, आणि विमानात चढेपर्यंत नजरेआड करायची नाही. सख्ख्या भावाच्याही हाती द्यायची नाही. यावर सगळे हसतात. सख्खा भाऊ काय करणार, असं त्यांना वाटतं.

शालिक माझा भाऊ नव्हता. पण पहिलीपासून एका बाकावर बसलो, एका तलावात पोहायला शिकलो. तो सातवीनंतर शाळा सोडून सेंट्रिंगच्या कामाला लागला, मी आयटीआय केलं. आखाताचं माझं जमलं तेव्हा तो म्हणाला, “तू जाऊन राहिला त मी बी येतो. एकटा काय करशीन तिथं?” म्हणजे तो माझ्यासाठी येत होता. त्याला ना इंग्रजी यायची, ना हिंदी धड. एजंटकडे त्याचे कागद मीच भरले. निघायच्या दिवशी त्याची बायको, कुंदावहिनी, दारात उभी होती. दहा वर्षांची पायल तिच्या पदराला धरून. वहिनी मला एवढंच म्हणाली, “भाऊजी, यायले सांभाळा.” मी म्हणालो, काळजीच करू नका.

तिनं त्याच्यासाठी एक कापडी थैली भरली होती. तिखट, हळद, जवसाची चटणी, कुटलेला मसाला. एकेक पुडी किराणा दुकानाच्या प्लास्टिकच्या पांढऱ्या पन्नीत, वर दोरा बांधलेला. माझ्या आईनंही मला तसंच बांधून दिलं होतं, त्याच दुकानाच्या पन्नीत. फक्त माझ्यात एक पुडी जास्त होती. मीच आईच्या मागे लागून मागून घेतली होती. खसखस आणि सुकं खोबरं भाजून वाटल्याशिवाय मला मटणाचा रस्सा रस्सा वाटत नाही. महागाची वस्तू, आमच्या घरी सणालाच निघायची. आईनं डबा पालथा करून होती तेवढी सगळी दिली.

मुंबईच्या विमानतळावर आम्ही सकाळीच पोहोचलो. विमान दुपारचं. रांगेत उभे असताना शालिक बाथरूमला गेला आणि त्याची बॅग माझ्याजवळ ठेवून गेला. माझ्या बॅगेचं वजन जरा जास्त भरत होतं. म्हणून मी दोन पुड्या काढल्या, एक तिखटाची आणि एक खसखशीची, आणि त्याच्या थैलीत टाकल्या. तो आला, तेवढ्यात रांग सरकली, आणि सांगायचं राहून गेलं.

तिकडे उतरल्यावर सामान तपासायला दोन रांगा होत्या. माझी बॅग निघाली. त्याची थांबली. वर्दीतल्या माणसानं थैली काढली, पुड्या एकेक करून टेबलावर मांडल्या, दोरे सोडले. शालिक हसत होता. त्याला वाटलं, पहिल्यांदाच मसाला पाहत असतील. मग त्या माणसाचा आवाज बदलला, दुसरे दोघे आले आणि शालिकनं मला हाक मारली — “अरे, इकडं ये बावा! काय म्हणून राहिले थे, मले समजूनच नाही राहिलं!”

मी वीस पावलांवर होतो. त्या वर्दीतल्या माणसानं माझ्याकडे पाहिलं आणि बोटानं विचारलं — एकत्र आहात?

मी मान हलवली. नाही.

आणि चालू लागलो. पाठीमागून त्यानं आणखी दोनदा हाक मारली. माझं नाव घेऊन. मी कानात काही शिरलंच नाही अशी मान ठेवली आणि दाराबाहेर आलो. बाहेर कंपनीची गाडी उभी होती, त्यात बसलो. ड्रायव्हरनं विचारलं, दुसरा कुठाय? मी म्हणालो, माहीत नाही.

तुम्हाला वाटत असेल, हीच ती गोष्ट. मलाही पुष्कळ वर्षं वाटायचं की हीच आहे. घाबरलो, परका देश, पहिला दिवस — माणूस घाबरतो. पण थांबा. अजून खाली आहे.

तीन दिवसांनी मी गावाला फोन लावला. शेजारच्या दुकानातल्या फोनवर कुंदावहिनीला बोलावून घेतलं. काय सांगणार होतो? वाटेत ठरवलं होतं, खरं सांगायचं. पण तोंडातून निघालं ते हे — त्याच्या थैलीत खसखस सापडली. बस. त्याच्या थैलीत. यात खोटं काय आहे सांगा? एक शब्द खोटा नाही.

 पलीकडून ती म्हणाली, “मी त नव्हती टाकली, भाऊजी.” आणि लगेच, स्वतःशीच बोलल्यासारखं, “टाकली होती का मी? मसाल्यासाठी काढून त होती पाट्यावर. मले आठवूनच नाही राहिलं.”

इथे मला एकच वाक्य बोलायचं होतं. मी बोललो, “घाईत पडली असेल थैलीत, वहिनी.”

त्या दिवसापासून ती पुडी तिची झाली.

शालिक साडेचार महिने आत होता. मग त्याला परत पाठवलं आणि पुन्हा त्या देशाचं दार बंद. परत आला तेव्हा मी तिकडेच होतो, मला आईनं फोनवर सांगितलं. वहिनीनं पहिल्या दिवशी ताट वाढलं — भात, वरण, त्याच्या आवडीची भाजी. त्यानं ताट हातानं सरकवलं आणि म्हणाला, “तुह्या हातचं आता नाही.” एवढंच. मारलं नाही, हाकललं नाही, घर मोडलं नाही. फक्त जेवणं बंद केलं. आधी त्याची आई रांधायची. ती थकल्यावर बारा-तेरा वर्षांची पायल चुलीपुढे बसली. आणि गावानं काय केलं? गावानं आपलं काम केलं. लग्नात, तेरवीत बाया स्वयंपाकाला बसल्या की कुंदावहिनी आपली उठून पाणी भरायला जायची. कुणी तिला उघड काही म्हटलं नाही. म्हणायची गरजच राहिली नव्हती. बाईच्या हातानं नवरा जेलात गेला, हे सगळ्यांना पाठ होतं.

मी सुट्टीवर यायचो तेव्हा शालिक मला मिठीत घ्यायचा. विमानतळावर मी ओळख दिली नाही, हे त्याला दिसलं होतं. पण तो म्हणायचा, “बरं केलं तू. दोघं बी गेलो असतो.” मला त्यानं माफ करून टाकलं होतं, मी मागितल्याशिवाय. आणि तिला नाही. जिनं काही केलं नव्हतं तिला नाही.

आता ते सांगतो, जे मघाशी मी तुम्हालाही खोटं सांगितलं. इतकं लिहूनसुद्धा हात तिथे अडला, बघा. म्हणालो ना, बॅगेचं वजन जास्त भरत होतं? नव्हतं भरत. दोन किलोची जागा शिल्लक होती.

शालिक बाथरूमला गेला तेव्हा आमच्या पुढे एक जण उभा होता, तिकडे बरीच वर्षं काढलेला. तो सोबतच्या नवख्या माणसाला सांगत होता — खसखस असेल तर इथंच फेक, तिकडे अफू म्हणून आत टाकतात. मी ऐकलं. स्वच्छ ऐकलं. कचऱ्याचा डबा चार पावलांवर होता. फेकवली नाही. आईनं डबा पालथा करून दिलेली — असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं, पण ते आईवर ढकलणं झालं. खरं म्हणजे मला रस्सा हवा होता आणि धोका नको होता. शालिकचा चेहरा भोळा, त्याला कोण तपासणार, असं वाटलं. आणि तपासलंच तर? तर — मी सापडणार नाही, असंही वाटलं. हे दोन्ही विचार मी केले. तिखटाची पुडी बरोबर टाकली ती एवढ्यासाठी की कुणी पाहिलं तर सामान हलकं करतोय असं दिसावं. म्हणजे घाबरून नाही झालं ते. आधीच, डोकं ठिकाणावर असताना, आपल्याच देशात, रांगेत उभं राहून केलं.

बस, ती गोष्ट ही.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी कुंदावहिनी दुकानावर आली. पायल नर्स झाली, दोन वर्षं नागपूरच्या दवाखान्यात काढली, आणि आता तिला आखातात नोकरी लागली होती. वहिनी बाकीची माणसं उठेपर्यंत बाजूला उभी राहिली. मग तिनं कागद पुढे केले. मी व्हिसा पाहिला, करार ओळ न् ओळ वाचला, पायलला दूतावासाचा नंबर लिहून दिला. सगळं झाल्यावर मी सवयीनं म्हणालो, बॅग मात्र घरीच नीट भरा.

तेव्हा ती म्हणाली, “भाऊजी, पोरीची बॅग तुमीच भरून द्या. माह्या हात नोको लागू द्या तिले.”

मी म्हणालो, पायल भरेल की. ती म्हणाली, नाही, पोरगी घाईची आहे, तुम्हीच.

निघायच्या दिवशी मी गेलो. पुढच्या खोलीत चटईवर सामान मांडलेलं होतं. मी एकेक वस्तू हातात घेऊन, झटकून, उलटीपालटी करून बॅगेत ठेवली. शालिक खाटेवर बसून पाहत होता. कुंदावहिनी उंबऱ्याच्या पलीकडे उभी, दोन्ही हात पदराखाली घेतलेले. पोरीच्या टॉवेललासुद्धा तिनं बोट लावलं नाही. मी चेन ओढली, कुलूप घातलं, किल्ली पायलच्या हातात दिली. दोघंही घरात होती. पोरगीही होती. असा मोका मला चौदा वर्षांत मिळाला नव्हता. मी चहा पिऊन घरी आलो.

पायल नागपूरला गेली तेव्हापासूनच शालिक स्वतःचा भात स्वतः शिजवतो. वहिनी दुसऱ्या चुलीवर आपला.

पायलचा तिकडून फोन आला, की बॅग उघडलीसुद्धा नाही, सरळ बाहेर सोडलं. त्याच दुपारी वहिनी माझ्या दुकानात आली. मी पंपाचं वाइंडिंग करत होतो. तिच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. गावात पहिला पेढा मला द्यायला आली होती. मी हात पुसेपर्यंत ती थांबली, आणि पुडा पुढे करताना, मला संकोच होऊ नये म्हणून, घाईघाईनं म्हणाली, “दुकानातला होय, भाऊजी. माह्या हातचा नोहे.”

मी पेढा घेतला आणि तिच्यासमोर खाल्ला.