विनयचा निरोप

आधीच सांगून टाकते – या सदरातले अनुभव मी दर वेळी वाचते आणि दर वेळी मनातल्या मनात त्यांची उत्तरं काढते. सावली दिसली? पडदा हलला असेल. आवाज आला? शेजारचा टीव्ही. आम्ही ख्रिस्ती आहोत, रविवार चुकवत नाही, पण भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत मी डिस्पॅच सांभाळते. लॉट नंबर जुळला नाही तर माझी गाडी गेटबाहेर पडत नाही. घरातही तसंच – गॅस, औषधं, आईच्या तपासण्या, सगळं लिहून फ्रिजवर लावलेलं. म्हणून हे लिहायला इतका वेळ लागला.

विनय माझा धाकटा भाऊ. दहाएक वर्षांपूर्वी, उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, वडीगोद्रीच्या अलीकडे हायवेवर एका पिकअपनं त्याच्या मोटरसायकलला उडवलं. पिकअपवाला पळून गेला आणि कधीच सापडला नाही. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना मी स्वतः भेटले होते. ते म्हणाले, "जागीच गेला, ताई. त्याला काही कळलंही नसेल." त्या एका वाक्यावर मी इतकी वर्षं काढली... भावाला त्रास झाला नाही, एवढं तरी.

आईनं मात्र तेव्हापासून चर्चमधलं प्रभुभोजन घेतलं नाही. भाकर आणि प्याल्यांचा ट्रे तिच्या बाकापाशी आला की मान खाली घालायची. आम्ही दुसऱ्यांना क्षमा करतो तशी तू आम्हाला कर, ही प्रार्थनेतली ओळ आली की तिचे ओठ मिटायचे. सगळ्यांना वाटायचं, पिकअपवाल्याला ती क्षमा करू शकत नाही. मलाही तेच वाटायचं. तिला कुणी छेडलं नाही.

यंदाच्या ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी भर दुपारी, फाटक वाजलं. आई हॉलमध्ये कूलरसमोर कॉटवर बसून गवार मोडत होती. बाहेर एक पंचेचाळिशीचा माणूस उभा होता. पांढरा सदरा, हातात टोपी, पायात जाड वहाणा.

"विनयभाऊचं घर हेच ना?"

इतक्या वर्षांत विनयला शोधत कुणी आलं नव्हतं. आत घेतलं, पाणी दिलं. ग्लास त्यानं हातात धरला, प्यायला नाही.

"माझं नाव म्हसू. आम्ही मेंढरंवाले, अंबडकडचे. ताई... ती पिकअप माझी व्हती."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा माझा हात आपोआप मोबाइलकडे गेला.

"लावा फोन," तो म्हणाला. "मी न्हाई पळत आता. मेंढरं भरून गेवराईच्या बाजाराला चाल्लो व्हतो. डोळा लागला. पेपरात नाव वाचलं, घर सापडलं. दोन-तीनदा या फाटकापावतर आल्तो आन् माघारी गेल्तो."

"आणि आज कसं सुचलं?"

"बायको बिमार व्हती. गावात प्रार्थनेला लोकं जमत्यात, तिथं जाऊन राह्यलो. उद्या बाप्तिस्मा हाय माझा."

माझं डोकं फिरलं. "वा! चांगला धर्म शोधलास की! आधी माणूस मारायचा, मग पाण्यात बुडी मारून मोकळं व्हायचं. आमच्या आईकडून काय हवंय, सर्टिफिकेट?"

"सुनंदा," आई म्हणाली, "बोलू दे त्याला." तिचा आवाज थंड होता. गवारीची शेंग तिच्या बोटांत तशीच अर्धी मोडलेली.

"तिथल्या पाळकसाहेबांना मी सगळं सांगितलं," म्हसू म्हणाला. "ते म्हणले, तुझ्या पापाची किंमत येशूनं वधस्तंभावर दिली, ती तुला पुन्हा द्यायची न्हाई, अन् त्या घराकडून माफी इकत बी घ्यायची न्हाई. पर त्या वधस्तंभामागं लपू नको. त्या माऊलीसमोर उभा राहा. मंग आलो. पर माय, मी माफी मागायला आलो न्हाई. ती मागायचं तोंड न्हाई माझं. माझ्यापाशी तुमचा निरोप हाय."

"कुणाचा?"

"तुमच्या पोराचा. गाडी थांबवून मी खाली उतरल्तो, माय. पोरगा रस्त्याच्या कडंला पडल्ता. बोलत व्हता."

"खोटं!" मी ओरडले. "तो जागीच गेला होता. डॉक्टरांनी मला सांगितलंय."

"बोलला, ताई. बराबर बोलला. पाणी मागितलं. माझा हात धरला अन् म्हणला, आईला सांगा, माझं ताट सुलटं करून ठेव. माझ्या मनात काही नाही. दोनदा म्हणला. मी म्हणलं, सांगतो. तेवढ्यात मागून ट्रक येताना दिसला. मी भेलो... हात सोडवून पळालो."

ताट? मला हा सगळा प्रकार बनाव वाटला. कसलं ताट, कुणाचं ताट – मी विचारणारच होते, तेवढ्यात आईकडे लक्ष गेलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. गवारीचं सूप मांडीवरून घसरून शेंगा फरशीवर पसरल्या, तिला पत्ता नव्हता.

"परत म्हण," ती म्हणाली.

"माझं ताट सुलटं करून ठेव."

आईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग सांगू लागली. माझ्याकडे न बघता, त्याच्याकडे बघून.

त्या शुक्रवारी आम्ही बाकीचे चर्चमध्ये होतो. विनयला सोबत घेऊन यायला ती मागं थांबली होती; घरी दोघंच. उत्तम शुक्रवारची उपासना सोडून तो मित्राच्या ढाब्याच्या उद्घाटनाला निघाला होता, म्हणून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. तो न बोलता निघून गेला. गाडीचा आवाज लांब गेल्यावर आईनं रॅकमधलं त्याचं ताट काढलं – नाव कोरलेलं, त्याच्या वाढदिवसाचं – आणि ओट्यावर पालथं घातलं. आमच्याकडे ताट पालथं घालतात ते माणूस गेल्यावर. आणि ती मोठ्यानं म्हणाली, "आजपासून तू मला मेलास."

संध्याकाळी फोन आला. लोक यायच्या आत तिनं ताट उचलून परत रॅकमध्ये ठेवलं. कुणाला सांगितलं नाही. बाबांना नाही, मला नाही, पाळकांनाही नाही.

म्हणजे इतकी वर्षं ती म्हसूला क्षमा करत नव्हती असं नाही. स्वतःसाठी क्षमा मागायची तिची हिंमत होत नव्हती.

आई भिंतीला धरून उठली, म्हसूसमोर गेली आणि तिनं त्याच्या तोंडात मारली. ऐंशीच्या म्हातारीच्या हाताला काय जोर असणार! पण तो हलला.

"हे ताटाचं," ती म्हणाली. "गाडीचं न्हाई. झोप कुणालाबी लागते. पण माझ्या लेकराचा निरोप तू इतकी वर्षं पोटात ठेवलास? रोज रात्री मेले रे मी! रोज!"

म्हसू खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. मला वाटलं, आता आई त्याला हाकलणार. पण तिनं तोच हात त्याच्या डोक्यावर ठेवला, डोळे मिटले आणि एवढंच म्हणाली, "प्रभू, आम्हा दोघांचं ओझं घे."

आमेन आम्हा तिघांपैकी कुणीच म्हटलं नाही.

मग मला म्हणाली, "फोन आत ठेव." आणि त्याला, "मी सोडलं तुला. सरकारचं सोडायचा हक्क मला न्हाई. ते तुझं तू बघ."

सोमवारी तो पाळकांबरोबर स्वतःहून पोलीस ठाण्यात गेला. पुढच्या कामाचा पसारा अर्थातच माझ्याकडे आला. मी डॉक्टरांना शोधून काढलं. ते आता निवृत्त आहेत. त्यांनी जुने कागद मागवून पाहिले आणि पुन्हा तेच म्हणाले, "अशा मारानंतर माणूस बोलूच शकत नाही. एक शब्दही नाही." मग मी माझ्या सवयीप्रमाणे एकेक शक्यता घेतली. आई झोपेत बरळली असेल – पण हा माणूस आमच्या घरात कधी आला? विनयनं खिडकीतून पाहिलं असेल – पण गाडी गेल्यावर आईनं ताट काढलं. अंदाजानं ठोकून दिलं असेल – पण ताटच का? एकही टिकली नाही.

पोलीस ठाण्यात मलाही बोलावलं होतं. तिथं म्हसूच्या वकिलानं त्याला माझ्यासमोर समजावलं, "डॉक्टरांचं म्हणणं तुमच्या फायद्याचं आहे. तो जागीच गेला, तर तुम्ही थांबला असता तरी वाचला नसता. बोलत होता म्हणालात, तर जिवंत माणसाला टाकून पळालात असं होतं. जबाबातून ते बोलणं काढून टाका."

"बाकी काय बी लिहा, साहेब," म्हसू म्हणाला. "तेवढं न्हाई काढत. त्यो बोलला."

स्वतःचं नुकसान करून घेणारं खोटं कुणी कशाला बोलेल? आणि डॉक्टर तरी खोटं कशाला बोलतील? दोघंही खरे असतील, तर त्या रस्त्यावर म्हसूचा हात धरून कोण बोललं, हे मला सांगता येत नाही. आणि म्हसू एकटाच खरा असेल, तर माझा भाऊ पाणी मागत पडला होता आणि हा माणूस हात सोडवून पळाला. आईनं त्याला सोडलं. मी अजून नाही सोडू शकले.