मी ‘सोडा’ म्हणेपर्यंत

भूल देणाऱ्या डॉक्टरला कुणी लक्षात ठेवत नाही. ओळख होईपर्यंत पेशंट घोरायला लागलेला असतो! मंग सगळे किस्से आमच्याकडंच साचतात. नव्वदच्या सुमाराला मी जुन्या जालन्यातल्या एका नर्सिंग होमात भूल द्यायचो. हाताशी थिएटरमधल्या शांतामावशी.

शहागडचा एक वाळका शेतकरी आल्ता. “काही खाल्लं?”

“बिलकुल न्हाई!”

“चहा?”

“घेतला की.”

“चहासोबत?”

“दोन भाकरी. त्या काय मोजायच्या व्हय, साहेब?”

मोजायच्याच! भूल चढताना पोटातलं वर येऊन फुफ्फुसात गेलं, तर माणूस हातचा जातो. म्हणून कंठमण्याखालचं कूर्चेचं कडं बोटांनी दाबून धरायचं. मागची अन्ननळी बंद होते. हे काम मावशींचं.

“किती जोर लावू?” त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

“नाक दाबून बघा. दुखलं की तेवढा जोर बराबर.”

कुणाचं नाक, ते सांगायचं राहिलं. दुपारी आमचे सर्जन लालभडक नाक घेऊन थिएटरात आले!

दुसरा नियम मात्र मी त्यांच्याकडून घोकून घेतला होता: श्वासाची नळी श्वासनळीत बसून मी ‘सोडा’ म्हणेपर्यंत बोट हलवायचं नाही.

एकदा कापडवाले शेठजी लग्नाच्या पंगतीतून थेट टेबलावर. आतडं अडकलेलं, वजन सव्वाशे किलो. वाळक्या माणसाचं कडं झटकन हाताला लागतं. इथं मानच सापडेना! मावशींनी डोळे मिटून कणीक चाचपावी तसं चाचपलं. “घावलं, साहेब!”

नळी बसली. त्या आनंदात मी ‘सोडा’ म्हणायचंच विसरलो. सर्जन पोट उघडायला आले, तरी मावशी जागच्या हलेनात.

“अहो, सरका की!”

“भूलवाले साहेब म्हणले न्हाईत.”

शेठजी ठणठणीत बरे झाले. फक्त जाईपर्यंत विचारत राहिले, “ऑपरेशन पेट का, तो गला कायको दुखता?”

मंग एका दुपारी माझंच अपेंडिक्स उठलं! भूल द्यायला औरंगाबादहून मित्र आला. “काही खाल्लं?”

“काहीच नाही!”

मावशींनी माझ्याकडं नुसतं बघितलं.

“दोन भाकरी,” मी म्हटलं.

खरं सांगतो, जाम भ्यालो होतो. मावशींचा हात गळ्याला लागला तेव्हा कुठं जीवात जीव आला. डोळे मिटणार, तेवढ्यात त्या कानाशी वाकल्या. त्यांचाच आवाज कापत होता.

“साहेब, तुम्ही तर झोपून राह्यले. मंग ‘सोडा’ कोन म्हणंल?”