पुरुषांच्या परातीत हात

तिदा अंगणात शिरली की जेवायला बसलेले पुरुष आपली परात जरा जवळ ओढून घेत. नवऱ्याची फाटकी विजार, गळ्यात रिकाम्या डब्यांची माळ आणि हातात भोपळ्याचं भांडं, असा तिचा अवतार. ती कान्येलेंग होती. गांबियातल्या त्या गावात ज्यांची मुलं जगत नाहीत त्या बायका कान्येलेंगांच्या मेळ्यात जातात, बारशाला नाचतात, वाह्यात गाणी म्हणतात, मागून खातात. त्यांना नाही म्हणायचं नसतं आणि त्यांच्यावर रागवायचंही नसतं, कारण अल्ला त्यांचं ऐकतो. तिदाची चार मुलं गेली, एक मुलगा तेवढा राहिला.

त्या मुलाची बायको सिरा पोटुशी होती. तिची आधीची दोन्ही बाळं पावसाळ्यात मुठीएवढी जन्मली आणि गेली. पावसाळ्यात कोठारं रिकामी असतात आणि भातखाचरात बायकांची कंबर मोडते. हे बाळही पावसातच येणार होतं.

दवाखान्यातली नर्स हावा म्हणाली, "मावशी, आईबापांकडून यायचे ते गुण येतातच. पण त्यातलं काय जागं ठेवायचं नि काय झोपवायचं, ते बरंचसं पोटातच ठरतं. आई उपाशी, तर बाळाचं शरीर काटकसर शिकतं. ती सवय मग जन्मभर जात नाही. आपल्याकडे पावसाळी मुलं मोठेपणीही पटकन आजारी पडतात ना?"

"मग नंतर भरवून काय उपयोग?"

"थोडा. आधी भरवलं तर जास्त."

घरातलं चांगलंचुंगलं आधी पुरुषांच्या परातीत पडायचं, आणि विचार करत बसणं तिदाच्या स्वभावातच नव्हतं. गावचे प्रमुख फोदेकाका दुसऱ्या दिवशी जेवायला बसले तेव्हा तिने खुशाल परातीत हात घातला. धुरी दिलेला मासा उचलला, वर शेंगदाण्याचा रस्साही ओतून घेतला.

"तिदा, तुझ्या पोटाला तळ आहे की नाही?"

"पोट माझं नाही, काका. मी नुसती हमाल."

मग रोजचंच झालं. मेळ्यातल्या साऱ्याजणी घरोघर परातींवर तुटून पडायच्या आणि गावातल्या एकूण एक पोटुशीला नेऊन खाऊ घालायच्या. पुरुष नुसते चरफडायचे. रागवायची सोयच नव्हती, आणि मला विचाराल तर बरंच झालं.

अडून बसली ती सिरा. "आई, सगळ्या म्हणतात कमी खा. बाळ मोठं झालं तर बाहेर कसं यायचं?"

हसवणं हाच जिचा धंदा, ती तिदा तेव्हा हसली नाही. "माझी चारही लहानच होती. सहज आली. सहजच गेली. खा."

सिराने रडत रडत खाल्लं, आणि पुढे रोज खाल्लं.

भर पावसात मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. हावाने तिला तराजूला टांगलं आणि काटा पाहून पुन्हा एकदा टांगलं.

बारशाला फोदेकाका तिदाकडे वळले. ज्या घरात मुलं जगत नाहीत तिथे मरणाला नकोसं वाटावं म्हणून उकिरडा, चिंधी असलं नाव ठेवतात, आणि ते सुचवायचा मान कान्येलेंगचा.

"हिला कशाला लपवायचं?" तिदा म्हणाली. "सिरा, तुझ्या मनातलं सांग."

सिरा म्हणाली, "तिदा."

गावच्या भाटाने रिवाजाप्रमाणे नाव पुकारलं, तशी म्हातारी तिदा त्याच्याकडे वळली.

"एवढ्यानं काय होतंय? परत ओरड. पार कब्रस्तानापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."