भट्टीवाला लबीब केनियाहून परत आला

कैरोहून आलेली गाडी मिन्याच्या स्टेशनात थांबली, तेव्हा लबीब अताल्लाहला एकच गोष्ट हवी होती : चर्चच्या भट्टीची किल्ली. केनियाला निघताना त्याने ती कमरेच्या नाडीतून सोडवून चर्चचे धर्मगुरू अबूना शारुबीम यांच्या हातात दिली होती आणि तेव्हापासून कमरेशी काहीतरी विसरल्यासारखं त्याला सारखं वाटत होतं. विमानात तर त्याने दोनदा चाचपून पाहिलं.

फलाटावर मात्र अर्धी गल्ली उभी होती. बायकांनी जिभा हलवून आनंदाचे चीत्कार सुरू केले, कोणीतरी डफ वाजवला, आणि एक लांबलचक फलक उलगडला गेला. त्यावर लिहिलं होतं, 'आफ्रिकेच्या प्रेषिताचे स्वागत असो'. आपणही आफ्रिकेतच राहतो हे त्या घाईत कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. शेजारी लबीबचा ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला होता. त्यात तो नुकताच पकडून आणल्यासारखा दिसत होता.

लबीबने अबूनांच्या हाताचं चुंबन घेतलं आणि तसंच वाकलेलं असताना हळूच विचारलं, "अबूना, किल्ली?"

"अरे, किल्ली कसली घेऊन बसलास!" अबूना हसले. "आधी घरी चल. लोक तुझी वाट बघतायत."

लबीब पिठाच्या गिरणीत कामाला होता, पण गिरणीला तो नोकरी म्हणे आणि भट्टीला काम. चर्चच्या अंगणातल्या त्या लहानशा खोलीत, जिला आम्हा इजिप्तच्या ख्रिस्त्यांत बेथलेहेम म्हणतात, तो मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेची, भाकरी भाजत असे. पीठ, पाणी आणि खमीर, मीठ नाही. उपाशीपोटी मळायचं, मळताना स्तोत्रं म्हणायची, वर क्रुसाचा ठसा उमटवायचा, कडेने पाच भोकं पाडायची. मनगटावरचा गोंदलेला क्रूस पिठात बुडून दिसेनासा होई, तेव्हाच त्याला आपण खरे ख्रिस्ती आहोत असं वाटे.

मिस्सेच्या सुरुवातीला भाकऱ्यांची टोपली अबूनांपुढे धरतात. ते एकेक भाकरी उलटीपालटी करून बघतात आणि सर्वांत निर्दोष असेल ती वेदीसाठी निवडतात. लबीब वेदीसमोरच्या पडद्याआड उभा राहून मान उंच करून बघत राही. अबूनांचा हात चटकन भाकरीवर थांबला तर लबीबचा आठवडा चांगला जाई. थांबायला वेळ लागला तर बायको इन्साफ घरात भांडीसुद्धा जपून ठेवी.

अशा माणसाला केनियाला धाडायचं ठरलं ते बिशपांच्या कचेरीत. तिकडच्या डोंगरातल्या एका खेड्यात आपलं चर्च आहे. डॉक्टरांची तुकडी तिकडे जाणार होती. तिथे मिस्सेची भाकरी नैरोबीहून बसने येते, शिळी होते, असं कळल्यावर कोणीतरी म्हणालं, एक भट्टीवालाही पाठवू, तो तिथल्या माणसाला शिकवील. लबीबने नाही म्हणून पाहिलं. पण बिशपांना नाही म्हणण्याची आमच्याकडे रीत नाही.

तिकडे काय झालं ते थोडक्यात असं. मुतिसो नावाच्या तिथल्या माणसाला एका फिरत्या साधूने आधीच भाकरी शिकवून ठेवली होती. ही बातमी इजिप्तला कळवायची तेवढी राहून गेली होती. मुतिसोने पाहुण्याचा मान म्हणून भट्टी लबीबच्या हवाली केली. हवा गार, जागा उंच, भट्टी मातीची आणि जळण ओलं. लबीबचा सारा जन्म गॅसच्या भट्टीवर गेलेला. खमीर आळसावलं, मग एकदम फुगलं, आणि झाडून साऱ्या भाकऱ्यांना भेगा पडल्या. भेगाळलेली भाकरी वेदीवर चालत नाही. तिथल्या धर्मगुरूंनी टोपली उलटीपालटी केली, पण हात कुठेच थांबेना. तेवढ्यात मुतिसो केळीच्या पानाखाली झाकलेली स्वतःची टोपली घेऊन पुढे आला. अडचण नको म्हणून त्याने पहाटेच, गुपचूप, घरी भाजल्या होत्या. धर्मगुरूंचा हात पहिल्याच भाकरीवर थांबला.

उरलेले दिवस लबीबने मुतिसोच्या भट्टीशेजारी बसून शेंगा सोलल्या.

घरी पोचल्यावर माणसं पांगायला बराच वेळ गेला. शेवटचा पाहुणा गेल्यावर इन्साफने विचारलं, "तिकडे काय केलंस रे?"

"शेंगा सोलल्या."

"मग इथेच सोलायच्या होत्यास. मोलोखियाच्या पालेभाजीची जुडी आठवडाभर तशीच पडली होती."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. पहाटे लबीब सवयीने उठला, काही न खाता चर्चला गेला, तर बेथलेहेमच्या खिडकीत उजेड. आत ऐयाद मळत होता. हा ऐयाद म्हणजे निवृत्त शाळामास्तर. लबीबच्या भाकरीवर दर रविवारी काही ना काही बोलायचा त्याचा नेम होता. अंगावर कोरा करकरीत एप्रन, आणि कमरेला किल्ली.

"अम्म लबीब!" ऐयाद ओरडला. 'अम्म' म्हणजे काका. सगळा मोहल्ला लबीबला असंच म्हणे. "तुम्ही कशाला आलात? अबूनांनी सांगितलंय, तुम्हाला आता पिठात हात घालू द्यायचा नाही."

"का? माझे हात काय नासले?"

"अहो, उलट! प्रेषिताने काय भाकऱ्या भाजायच्या? तुम्ही आता बोलायचं. आम्ही मळायचं."

"उस्ताद ऐयाद, पाणी जास्त झालंय तुमचं."

"बघा, हेच! हेच लोकांना सांगा माइकवरून."

लबीब अबूनांकडे गेला. अबूना त्याच्याच वयाचे, एकाच वर्गात शिकलेले. पण अंगावर काळा झगा चढला की वर्गमित्र कुठला आणि काय. ते म्हणाले, "लबीब, देवाने तुला वर काढलंय. संध्याकाळच्या सभेत तू साक्ष दे, तिकडचा अनुभव सांग. भट्टीचं ऐयाद बघतोय."

"बरी भाजतो का?"

अबूनांनी दाढी कुरवाळली. "बरी भाजतो," ते म्हणाले, आणि तेच लबीबला फार लागलं.

लबीब सरळ माणूस. त्याने हिशेब केला : या सगळ्याचं मूळ म्हणजे लोकांचा गैरसमज. गैरसमज दूर केला की मान जाईल आणि मान गेला की किल्ली येईल. संध्याकाळी तो माइकपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "भावांनो, बहिणींनो, मी तिकडे काही केलं नाही. माझ्या भाकऱ्या भेगाळल्या. मुतिसो नावाच्या माणसाच्या माझ्यापेक्षा चांगल्या झाल्या. मी शेंगा सोलल्या. एवढंच."

तो खाली बसला. मग बायकांच्या बाजूने एक हुंदका आला.

"काय ही नम्रता!" कोणीतरी पुटपुटलं.

अबूना उभे राहिले, डोळे पुसले आणि अर्धा तास वाळवंटातल्या जुन्या साधूंबद्दल बोलले. ते साधूही असेच. कोणी चमत्काराबद्दल विचारलं की म्हणत, मी तर टोपल्या विणत होतो. "आज आपण तेच ऐकलं," अबूना म्हणाले. "शेंगा सोलल्या! ऐकलंत? शेंगा!"

त्या रविवारी सामालूतच्या चर्चचं बोलावणं आलं. लबीबने तिथे आणखी स्पष्ट सांगितलं. म्हणाला, मला तिकडे बोलावणं हीच चूक होती, माझं तिकीट वाया गेलं. सामालूतचे लोक उभे राहिले. एका म्हातारीने त्याचा अंगरखा डोळ्यांना लावला. अबू कुरकास गावच्या चर्चमध्ये त्याने चिडून सांगितलं, की भाकरी भेगाळली तेव्हा मला रागच आला होता, मनातून वाटलं मुतिसोचीही भेगाळावी. तिथल्या धर्मगुरूंनी आपल्या तरुणांना सांगितलं, इतक्या उघडपणे स्वतःचं पाप सांगणारा माणूस मी पाहिला नाही.

लबीब जितकं खरं सांगे तितका किल्लीपासून लांब जाई. आता त्याला चर्चमध्ये पहिल्या रांगेत खुर्ची होती. तिथून पडद्याआडचं काही दिसत नसे. टोपली पुढे आली की तो कान टवकारून अबूनांच्या हाताचा अंदाज घेई. ऐयादच्या टोपलीतही तो हात थांबायला फारसा वेळ लागत नसावा.

"मी काही केलं नाही असं तू सांगतोस आणि लोक रडतात," इन्साफ एकदा मसूर निवडता निवडता म्हणाली. "मी लग्न झाल्यापासून तुझ्याबद्दल हेच सांगतेय. तेव्हा कोणी रडलं नाही."

"इन्साफ, मला भट्टी परत पाहिजे. मी त्या खुर्चीत मरेन."

"मग खरं सांगणं बंद कर. तुला जमत नाही ते."

इन्साफने हे सहज म्हटलं आणि ती मसुराकडे वळली. लबीब मात्र विचार करत राहिला. वाळवंटातल्या साधूंच्या गोष्टी त्यालाही पाठ होत्या. त्यात एक नेहमीची : एखाद्या साधूला गर्व झाला की मठाचा प्रमुख त्याला प्रवचनावरून उठवतो आणि मुदपाकखान्यात धाडतो. भांडी घास, पीठ मळ, गर्व उतरेपर्यंत.

पुढच्या शुक्रवारी बिशपांच्या कचेरीतले दोन पाहुणे पुढे बसले होते. अबूनांनी कौतुकाने लबीबला बोलावलं. लबीबने घसा साफ केला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे आवाज गरजेपेक्षा मोठा लागला.

"आजवर मी लाजत होतो," तो म्हणाला. "आता सांगतो. मी गेलो नसतो तर त्या देशात मिस्सा झाली नसती! माझ्यासारखी भाकरी सगळ्या इजिप्तमध्ये कोणी भाजत नाही. बिशपांच्या भट्टीतली तर मी कोंबड्यांना घालणार नाही. मुतिसोला काय येत होतं? त्याला पीठ आणि राख यातला फरक मी शिकवला!"

मुतिसोचं नाव घेताना त्याची जीभ अडखळली. लोकांना वाटलं, गर्वाने अडखळली.

पाहुण्यांपैकी एकाने अबूनांकडे पाहिलं. अबूनांनी जमिनीकडे. "गेला बिचारा," मागून कोणीतरी म्हणालं. "एवढा मान कोणाला पचतो!" आणि ज्या बाईने पहिला हुंदका दिला होता तिने जाहीर केलं, की मला तर हे पहिल्या दिवसापासून दिसत होतं.

अबूना उठले. "लबीब," ते सावकाश म्हणाले, "माइक खाली ठेव. उद्यापासून तू बेथलेहेममध्ये. मळायचं, भाजायचं, लादी धुवायची. आणि सभेत तोंड उघडायचं नाही, मी सांगेपर्यंत."

लबीबने मान इतकी खाली घातली की त्याचा चेहरा कोणाला दिसला नाही.

ऐयादने दुसऱ्या दिवशी किल्ली आणून दिली. एप्रन धुऊन, घडी घालून आणला होता. "चला, शाळा दुसऱ्यांदा सुटली माझी," तो म्हणाला आणि हसायला गेला, पण ते जमलं नाही. लबीब त्या घडीकडे बघत राहिला. दुसऱ्याच्या भट्टीशेजारी शेंगा सोलत बसणं कसं असतं, हे मिन्यात त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं?

"उस्ताद," तो म्हणाला, "रविवारी पहाटे या. एप्रन घेऊन या. पण पाणी मी घालणार."

"जास्त घालत नव्हतो हो मी."

"घालत होतात. आणि आत बोलायचं नाही. स्तोत्रं म्हणायची."

किल्ली कमरेला बांधली तरी एक अडचण उरलीच. मनात खोटं ठेवून मिस्सेच्या पिठात हात घालता येत नाही. म्हणजे पापनिवेदन करायला हवं. आणि पापनिवेदन करायचं कोणापुढे, तर अबूनांपुढे. गर्व खोटा होता हे कळलं की अबूना पुन्हा डोळे पुसणार, पुन्हा साधू, पुन्हा खुर्ची. शनिवारी दिवसभर लबीब किल्ली मुठीत धरून फिरला. संध्याकाळी तो अबूनांच्या शेजारी बाकावर जाऊन बसला.

"अबूना, मी सभेत खोटं बोललो. मुतिसोची भाकरी माझ्यापेक्षा चांगली आहे. बिशपांच्या भट्टीतली तर मी कधी खाल्लीसुद्धा नाही."

अबूनांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. मग विचारलं, "म्हणजे तो गर्व नव्हता?"

"नव्हता, अबूना."

"आणि त्याआधीची नम्रता?"

"तीही नव्हती. ते नुसतं खरं होतं."

अबूनांनी तोंडावर हात धरला. त्यांचे खांदे हलत होते. लबीबने घाबरून पाहिलं. रडतायत की काय? बऱ्याच वेळाने त्यांनी लबीबच्या डोक्यावर क्रूस ठेवला, प्रार्थना म्हटली आणि वर न बघता म्हणाले, "खोटं बोललास त्याची क्षमा. शिक्षा मात्र कायम."

"किती दिवस, अबूना?"

"मरेपर्यंत. आणि हे इथलं बोलणं इथेच राहू दे. नाहीतर मला पुन्हा तुझ्यावर प्रवचन द्यावं लागेल."

रविवारी पहाटे बेथलेहेमच्या खिडकीखालून दोन बायका चर्चकडे चालल्या होत्या. आत लबीब मळत होता, ऐयाद ठसा उमटवत होता, आणि कोणीच बोलत नव्हतं.

"बिचारा अम्म लबीब," एक म्हणाली. "काय होता आणि काय झाला. बघ, पीठ मळायला लावलंय या वयात."

"गर्व, दुसरं काय," दुसरी म्हणाली.

लबीबला ते सगळं ऐकू आलं. त्याने आवाज थोडा चढवून पुढचं स्तोत्र सुरू केलं.